माशीच्या पायावरचा कंगवा दिसतो का? कोकणातल्या प्रयोगशाळेसाठी एका झूम स्टिरिओ मायक्रोस्कोपचे परीक्षण

दोन-तीन मिलिमीटर लांबीच्या माश्यांचा, म्हणजे ज्यांना आपल्याकडे सरसकट चिलटे म्हणून मोकळे होतात त्यांचा, गांभीर्याने अभ्यास करायचा असेल तर कोणता सूक्ष्मदर्शक घ्यावा, असा प्रश्न किनारपट्टीवरच्या महाविद्यालयांतले सहकारी आणि हौशी अभ्यासक मला अधूनमधून विचारतात. त्या प्रश्नाचे उत्तर म्हणून हे परीक्षण लिहीत आहे. परीक्षणासाठी घेतलेले उपकरण अंबाल्याच्या एका उत्पादकाचे आहे. दोन डोळ्यांच्या नळ्यांखेरीज कॅमेऱ्यासाठी तिसरी नळी असलेला हा झूम स्टिरिओ मायक्रोस्कोप 0.7 ते 4.5 पट झूम देतो, त्यामुळे 10 पटीच्या नेत्रिका, म्हणजे डोळ्यांजवळची भिंगे, लावल्यावर विशालन 7 ते 45 पट मिळते, आणि 2 पटीचे जादा भिंग खाली चढवले की ते 90 पटीपर्यंत जाते. वरून प्रकाश देणारे एलईडीचे कडे, तळातला दुधी काचेखालचा दिवा, दोन आवरणे आणि एक धुळीचे प्लास्टिक कव्हर असा सारा संच तीस-पस्तीस हजारांच्या घरात पडतो. रत्नागिरी जिल्ह्यातल्या, खाडीपासून फार दूर नसलेल्या एका प्रयोगशाळेत हे उपकरण गेल्या पावसाळ्यासह रोजच्या वापरात आहे.

अशा उपकरणांच्या माहितीपत्रकात नाणे, पान किंवा मुंगीचे डोके यांची चित्रे दिलेली असतात आणि ती पाहून कोणीही समाधान पावतो. परंतु नाण्यावरची अक्षरे स्पष्ट दिसणे ही कसोटी माशीच्या अभ्यासकाच्या काहीही उपयोगाची नाही. त्याच्यासाठी कसोटी एकच आहे: ज्या लक्षणावरून एक जात दुसरीपासून वेगळी ठरते ते लक्षण या भिंगातून दिसते की नाही, आणि दिसत असेल तर इतके दिसते का, की त्यावर लेखी विधान करण्याचे धाडस व्हावे. या कसोटीवर उपकरणाला सर्वांत कठीण परीक्षा उष्ण कटिबंधातल्या बेटांवरच्या लहान माश्याच देतात, म्हणून हे परीक्षण मी त्यांनाच डोळ्यांसमोर ठेवून केले आहे.

ड्रोसोफिला मेलानोगॅस्टर ही प्रयोगशाळांतून जगभर वाढवली जाणारी माशी 1830 साली मायगेन यांनी वर्णिली. तिच्याशी इतके साम्य असलेली की बराच काळ तिच्यातच मोजली गेलेली ड्रोसोफिला सिम्युलन्स ही वेगळी जात असल्याचे 1919 साली स्टर्टेव्हंट यांनी दाखवले. पुढे मॉरिशस बेटावरची ड्रोसोफिला मॉरिशियाना 1974 साली आणि सेशेल्स बेटांवरची ड्रोसोफिला सेशेलिया 1981 साली वर्णिली गेली. या चारही जातींच्या माद्या शेजारी शेजारी ठेवल्या तर अनुभवी माणूसही खात्रीने बोट ठेवू शकत नाही. नरांमध्ये मात्र पोटाच्या टोकाशी, जननांगांच्या कमानीवर, मागे वळलेला एक छोटा पाळीसारखा भाग असतो आणि त्याचा आकार प्रत्येक जातीत निराळा असतो: सिम्युलन्समध्ये तो मोठा, शिंपल्यासारखा गोलसर, मॉरिशियानामध्ये अरुंद, बोटासारखा, सेशेलियामध्ये या दोहोंच्या मधल्या आकारमानाचा. साऱ्या अंगभर साम्य आणि ओळख मात्र मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढ्याही नसलेल्या एका पाळीत, अशी ही परिस्थिती आहे. उपकरणाला ही पाळी दाखवता आली तर त्याच्या माहितीपत्रकातल्या बाकीच्या गोष्टी दुय्यम ठरतात.

बेटांचा उल्लेख मी केवळ कुतूहल म्हणून करीत नाही. हवाई बेटांवर ड्रोसोफिलांच्या कुळातल्या पाचशेहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत, कारण समुद्रातून वर आलेल्या आणि मुख्य भूमीला कधीच न जोडलेल्या त्या बेटांवर पोहोचलेल्या मोजक्या माश्यांच्या वंशाला वेगळे होत जाण्यास लाखो वर्षे मिळाली. आपल्याकडची बेटे तशी नाहीत, ही गोष्ट उपकरण घेण्यापूर्वीच मनात पक्की असावी. मालवणसमोरच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्ग उभा आहे, हर्णैसमोर सुवर्णदुर्ग आहे, थळसमोर खांदेरी-उंदेरी आहेत, खाड्यांच्या पोटात जुवे, म्हणजे लहान बेटे, आहेत. ही सगळी किनाऱ्यापासून इतकी जवळ आहेत की वाऱ्याबरोबर किंवा केळ्यांच्या घडाबरोबर माशी सहज ये-जा करते. शिवाय सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या ऐन भरात, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे 120 मीटर खाली होती आणि ही ठिकाणे तेव्हा सरळ मुख्य भूमीचाच भाग होती. त्यामुळे कोकणातल्या एखाद्या जुव्यावर अनोळखी माशी सापडली, तर ती त्या जुव्यापुरती नवी जात असण्यापेक्षा समोरच्या किनाऱ्यावर असूनही आजवर कोणी न नोंदलेली जात असण्याची शक्यता कितीतरी अधिक असते. याचा व्यावहारिक अर्थ असा की बेटावरच्या नमुन्यांच्या बरोबरीने किनाऱ्यावरचे भरपूर नमुने तपासावे लागतात, आणि म्हणून सूक्ष्मदर्शकाचे पहिले काम शोध लावणे हे नसून तासन्‌तास निवड करणे हे असते.

या निवडीच्या कामात हे उपकरण उत्तम आहे, असे मी निःशंकपणे म्हणेन. एप्रिल-मे महिन्यांत काजूच्या बागेत गळून पडलेल्या बोंडांवर, पुढे फणसाच्या सडलेल्या गऱ्यांवर आणि किनाऱ्यालगतच्या बारतोंडीच्या फळांवर माश्या जमतात. त्या शोषनळीने गोळा करून सत्तर ते ऐंशी टक्के अल्कोहोलमध्ये ठेवल्या, पसरट बशीत ओतल्या आणि 10 ते 15 पटीवर पाहिल्या की एका नजरेत बरेच मोठे क्षेत्र दिसते. भिंगापासून बशीपर्यंत साधारण दहा सेंटिमीटर मोकळी जागा राहत असल्यामुळे चिमटा आणि सुई दोन्ही हातांनी चालवता येतात, आणि दोन डोळ्यांनी मिळणारी खोलीची जाणीव खरी असल्यामुळे सुईचे टोक माशीच्या वर आहे की खाली, हे कळते. झॅप्रियोनस इंडियानस ही 1970 साली भारतातूनच वर्णिलेली माशी डोक्यावरून पाठीवर गेलेल्या काळ्या कडांच्या चंदेरी पट्ट्यांमुळे अगदी कमी विशालनातही चटकन वेगळी काढता येते. मूळची आफ्रिकेतली मानली जाणारी हीच जात 1999 साली ब्राझीलमध्ये अंजिरांवर सापडली, तेव्हा तिच्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. पंखांच्या दुसऱ्या जोडीच्या जागी असलेले संतोलक, शृंगिकेवरच्या केसाला फुटलेल्या फांद्या, तोंडाशेजारचे राठ केस, पाठीवरच्या मोठ्या केसांच्या ओळी आणि छातीच्या मागच्या टोकाला असलेल्या ढालीवरच्या केसांच्या जोड्या, हे सारे 30 ते 45 पटीवर नेटके दिसते. केस गळला असेल तर त्याची उरलेली खळगीदेखील दिसते, आणि हे महत्त्वाचे आहे, कारण केस मुळातच नसणे आणि केस हाताळताना गळणे यांतला फरक न कळल्यास वर्णनच चुकते.

प्रकाशाच्या बाबतीत मात्र उत्पादकाने निष्काळजीपणा केला आहे. भिंगाभोवतीचे एलईडीचे कडे सरळ वरून, सर्व बाजूंनी सारखा आणि कडक प्रकाश टाकते. माशीची छाती गुळगुळीत व चमकदार असेल तर त्या कड्याचे प्रतिबिंबच पाठीवर चकाकत राहते आणि त्याखालचे सारे लोपते. ज्या अतिसूक्ष्म लवेमुळे माशीच्या अंगावर राखेसारखी झाक दिसते ती लव कोणत्या भागात आहे आणि कोणत्या भागात नाही, हे अनेक कुळांत महत्त्वाचे लक्षण आहे; ते तिरक्या आणि मवाळ प्रकाशातच नीट कळते. कड्याखाली ट्रेसिंग पेपरची नळी गुंडाळून नमुन्याभोवती उभी केली की चकाकी जाते, आणि एका बाजूने वाकणारा टेबलावरचा दिवा लावला की लव उठून दिसते. हा उपाय फुकटात होतो, तरीही तीस हजारांच्या उपकरणाबरोबर साधा दुधी विसारक द्यायला हवा होता, असे माझे स्पष्ट मत आहे.

एलईडीचा रंग ही याहून गंभीर बाब आहे. हा प्रकाश निळसर पांढरा असून त्यात माशीचा मूळचा पिवळा-तपकिरी रंग फिकट, काहीसा हिरवट वाटतो. रंगाला महत्त्व किती असते हे गिनीच्या आखातातल्या साओ टोमे बेटावरच्या माश्यांनी दाखवून दिले आहे. तिथली ड्रोसोफिला सँटोमिया 2000 साली नवी जात म्हणून वर्णिली गेली. तिची सर्वांत जवळची नातलग ड्रोसोफिला याकुबा हिच्या पोटाचा मागचा भाग काळा असतो, तर सँटोमियाचे पोट पिवळेच राहते. डोंगराच्या वरच्या, धुक्याच्या जंगलात सँटोमिया, खालच्या भागात याकुबा आणि मधल्या पट्ट्यात दोघींचे संकर, अशी त्यांची वाटणी आहे. आपल्याकडेही ड्रोसोफिला बायपेक्टिनाटा आणि ड्रोसोफिला मालेरकोट्लियाना या एकमेकींच्या सख्ख्या म्हणाव्यात अशा जातींमध्ये नराच्या पोटाच्या टोकाचा काळेपणा हाच पहिला इशारा असतो. मालेरकोट्लियानाचे नाव पंजाबातल्या मालेरकोटल्यावरून पडलेले आहे. त्यामुळे रंगाची नोंद करताना मी हा दिवा बंद करतो आणि खिडकीपाशी, ढगाळ दिवसाच्या उजेडात नमुना पाहतो. ताज्या आणि अल्कोहोलमध्ये काही महिने राहिलेल्या नमुन्यांच्या रंगांतही फरक पडतो, तेव्हा रंगाची नोंद पकडल्या दिवशीच करणे इष्ट.

आता शीर्षकातल्या कंगव्याकडे येतो. ड्रोसोफिलांच्या अनेक जातींत नराच्या पुढच्या पायावर काळ्या, बोथट, जाड केसांची रांग असते. मेलानोगॅस्टरमध्ये पावलाच्या पहिल्याच खंडावर साधारण दहा-बारा दात्यांची एकच रांग असते; ड्रोसोफिला अनानासी या 1858 साली इंडोनेशियातल्या आंबोन बेटावरून वर्णिलेल्या आणि आज आपल्या स्वयंपाकघरांतही येणाऱ्या जातीत ते दाते पावलाच्या एकाहून अधिक खंडांवर आडव्या ओळींत मांडलेले असतात. सडक्या बोंडांवरून आणलेला अनानासीचा एक नर मी ग्लिसरीनच्या थेंबात आडवा केला आणि पुढचा पाय सुईने अंगापासून दूर केला. 45 पटीवर पावलावर काळसर ठिपक्यांची दाटी आहे एवढेच कळत होते. ठिपके केसांचे आहेत की रंगाचे, हे सांगता येत नव्हते. 2 पटीचे भिंग लावून 90 पटीवर नेल्यावर आडव्या ओळी एकमेकींपासून सुट्या झाल्या, वरच्या ओळींत कमी आणि खालच्या ओळींत अधिक दाते आहेत हेही दिसले, परंतु एका ओळीतले दाते मोजायला गेलो की कडेचे दोन दाते एकमेकांत मिसळत. तळातला दिवा मंद करून पाय किंचित फिरवला तेव्हा ती मोजणी जमली, पण दुसऱ्या दिवशी दुसऱ्या माणसाने मोजल्यावर तीच संख्या येईल, अशी हमी मी या भिंगावर देणार नाही. याच पायाची काचपट्टी करून नेहमीच्या, काचपट्ट्या पाहण्याच्या संयुक्त सूक्ष्मदर्शकाखाली 100 आणि 400 पटीवर पाहिली असता प्रत्येक दाता सुटा आणि निर्विवाद होता.

पाळीच्या बाबतीत हे उपकरण अधिकच अपुरे पडते, आणि त्याचे कारण उत्पादकाची हयगय हे नसून प्रकाशशास्त्राची मर्यादा हे आहे. दोन जवळचे बिंदू वेगळे दाखवण्याची क्षमता ही भिंग किती रुंद कोनातून प्रकाश गोळा करते यावर अवलंबून असते. लांबून काम करणाऱ्या स्टिरिओ सूक्ष्मदर्शकात तो कोन लहानच राहतो, त्यामुळे काही मायक्रॉनांपेक्षा जवळचे तपशील एकमेकांत मिसळतात. नेत्रिका 20 पटीच्या घेऊन 180 पट विशालन मिळेल असे विक्रेता सांगतो, आणि आकडा म्हणून ते खरेही आहे, परंतु त्यातून तेच चित्र मोठे आणि धूसर दिसते, नवा तपशील एकही मिळत नाही. कृपा करून त्या जादा नेत्रिकांवर पैसे घालवू नयेत.

जननांगांची तपासणी करायची तर पद्धत ठरलेली आहे. नराच्या पोटाचा मागचा भाग वेगळा करून 10 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात रात्रभर ठेवायचा, म्हणजे मऊ स्नायू विरघळतात आणि कठीण आवरण उरते. मग सौम्य ॲसिटिक आम्लाने तो अल्कलीचा अंश मारायचा, ग्लिसरीनमध्ये घ्यायचा, खळगी असलेल्या काचपट्टीवर हवा तसा वळवून संयुक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा, आणि शेवटी त्याच माशीच्या टाचणीला अडकवलेल्या इवल्याशा कुपीत ग्लिसरीनसह जपून ठेवायचा. या साखळीतला पहिला आणि सर्वांत नाजूक टप्पा, म्हणजे पोट कापणे आणि तो तुकडा न हरवता एका थेंबातून दुसऱ्या थेंबात नेणे, हा याच स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली करावा लागतो आणि तिथे तो कसलीही कसर ठेवत नाही. फोकसची चाके दोन्ही बाजूंना आहेत, फिरवताना अडकत नाहीत आणि डोके आपोआप खाली घसरत नाही. जादा भिंग लावल्यावर मोकळी जागा निम्म्याहून कमी होते, म्हणून कापाकापी त्याशिवायच, 45 पटीच्या आत करावी.

मोजमापांचा मुद्दा माहितीपत्रकात अजिबात नाही, आणि विकत घेणाऱ्याला तो बहुधा पहिले हस्तलिखित लिहिताना आठवतो. नेत्रिकेत बसवायची मोजपट्टी वेगळी विकत घ्यावी लागते. शिवाय झूमच्या चाकाला ठरावीक जागी खटका नाही, त्यामुळे एकदा 3 पटीवर प्रमाणित केलेले माप चाक हलल्यावर पुन्हा नेमक्या त्याच जागी येईल याची शाश्वती नसते. एक मिलिमीटरचे शंभर भाग केलेली प्रमाणपट्टी प्रत्येक बैठकीच्या आरंभी भिंगाखाली ठेवून पाहणे, हाच त्यावरचा मार्ग आहे. सुदैवाने माश्यांच्या वर्णनात गुणोत्तरांचा वापर पुष्कळ होतो. पंखाच्या पुढच्या कडेच्या शिरेचा दुसरा भाग तिसऱ्याच्या किती पट आहे, हे गुणोत्तर काढताना दोन्ही मापे झूम न हलवता घेतली की खटका नसल्याची उणीव जाणवत नाही. पंख सपाट पसरलेला असणे मात्र आवश्यक. घडी पडलेल्या पंखावरचे माप फसवे असते.

कॅमेऱ्याच्या नळीबद्दल थोडक्यात सांगतो. दांडी ओढली की डावी नेत्रिका अंधारते आणि तो प्रकाश कॅमेऱ्याकडे वळतो, म्हणजे चित्र घेत असताना खोलीची जाणीव जाते. संचाबरोबरचा कॅमेरा कामचलाऊ आहे. वेगवेगळ्या खोलीवर घेतलेली अनेक छायाचित्रे सॉफ्टवेअरने एकत्र केली की पाठीच्या केसांची छापण्याजोगी चित्रे मिळतात, जननांगांची मिळत नाहीत. जननांगांसाठी अजूनही संयुक्त सूक्ष्मदर्शकाशेजारी कागद ठेवून काढलेले रेखाचित्रच मला अधिक विश्वासार्ह वाटते, कारण रेखाटताना प्रत्येक कड कुठून कुठे जाते, हे ठरवावेच लागते.

हल्ली कोणी असेही म्हणेल की एवढा खटाटोप कशाला, नमुना जनुकीय तपासणीला पाठवावा. माश्यांसह बहुतेक प्राण्यांसाठी मायटोकाँड्रियातल्या एका जनुकाचा 658 अक्षरांचा तुकडा ओळखपत्रासारखा वापरला जातो, आणि त्याचा उपयोग मोठा आहे, हे मान्यच आहे. परंतु ज्या जातींसाठी आपल्याला मदत हवी असते नेमक्या तिथेच तो गप्प बसू शकतो: याकुबा आणि सँटोमिया यांच्यात संकरातून मायटोकाँड्रियाची देवाणघेवाण झालेली आहे, सिम्युलन्स आणि मॉरिशियाना यांच्यातही तसे आढळले आहे. पोटाच्या रंगावरून किंवा पाळीवरून क्षणात वेगळ्या होणाऱ्या जाती त्या एका तुकड्यावरून वेगळ्या होतीलच असे नाही. म्हणून तपासणीच्या शुल्कासाठी सूक्ष्मदर्शकाच्या खर्चात काटछाट करणे मला पटत नाही.

उलट दिशेची सावधगिरीही तितकीच आवश्यक आहे, आणि तिचा दाखला कोकणातल्या प्रत्येक आंबा बागायतदाराच्या ओळखीचा आहे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या रक्षक सापळ्यात अडकणारी आंब्याची फळमाशी, बॅक्ट्रोसेरा डॉर्सॅलिस, हिच्यामुळे 2014 साली युरोपीय संघाने भारतीय आंब्याची आयात थांबवली होती आणि ती बंदी 2015 च्या जानेवारीत उठली. हिच्याच नात्यातली, आफ्रिकेत पसरलेली एक माशी 2005 साली बॅक्ट्रोसेरा इन्व्हेडन्स या नावाने नवी जात म्हणून वर्णिली गेली. पुढे शरीररचना, जनुके, गंधद्रव्ये आणि प्रजननाचे प्रयोग एकत्र पडताळून पाहिल्यावर 2015 साली इन्व्हेडन्स आणि तिच्याच नात्यातल्या आणखी एका माशीचे पापाये ही दोन्ही नावे मोडीत काढून ती डॉर्सॅलिसच असल्याचे मान्य करण्यात आले. एका भिंगाखाली दिसलेला छातीवरच्या रंगाचा फरक नव्या नावाला पुरेसा नसतो. त्या फरकाची मालिका अनेक नमुन्यांत, अनेक ठिकाणी तशीच टिकते का, हे पाहावे लागते. भरपूर नमुने न थकता पाहता येणे हा गुण म्हणूनच मी या उपकरणाच्या जमेच्या बाजूला सर्वांत वर लिहितो. सलग तीन-चार तास काम केल्यावरही डोळे दुखत नाहीत, कारण दोन्ही नळ्यांची जुळणी कारखान्यातूनच नीट झालेली आहे. माझ्या पाहण्यातल्या याच किमतीच्या दुसऱ्या एका उपकरणात ती नव्हती आणि अर्ध्या तासात डोके चढत असे.

कोकणातल्या हवेत हे उपकरण कसे टिकते, याबद्दल विक्रेत्याकडून काहीच ऐकायला मिळत नाही, म्हणून तपशिलाने लिहितो. जून ते सप्टेंबर इथली हवा ओलीचिंब असते आणि भिंगांवर बुरशी धरते. ती वेळीच काढली नाही तर भिंगावरचा लेप कायमचा खराब होतो. बरोबर मिळालेले प्लास्टिकचे कव्हर पावसाळ्यात वापरूच नये, कारण त्याखाली ओल कोंडते. घट्ट झाकणाच्या पेटीत सिलिका जेल ठेवून, किंवा पूर्वापार चालत आलेल्या पद्धतीने लाकडी कपाटात कमी वॉटचा पिवळा दिवा अखंड जळता ठेवून, डोके त्यात ठेवावे. अशा कपाटात ठेवलेल्या या उपकरणाच्या भिंगांवर पावसाळ्यानंतर बुरशी आढळली नाही. खाऱ्या वाऱ्याचा त्रास मात्र झाला: उभ्या दांड्याचा मुलामा चांगला असला तरी नमुना ठेवायच्या मंचावरच्या दोन पकडी आणि जादा भिंगाचे आटे गंजू लागले. पकडी स्टेनलेस पोलादाच्या मिळतात, त्या बदलाव्यात. आट्यांना तेलाचा पुसट हात द्यावा, पण तेल भिंगापर्यंत जाऊ देऊ नये. दिव्याचा अडॅप्टर कमी-जास्त दाबाच्या विजेवर तग धरून राहिला आणि वीज गेल्यावर साध्या इन्व्हर्टरवर चालला, ही ग्रामीण भागाच्या दृष्टीने छोटी गोष्ट नव्हे.

विक्रीपश्चात सेवा सामान्य दर्जाची आहे. झूमच्या चाकाचा एक स्क्रू सैल झाल्याची तक्रार केल्यावर विक्रेत्याने उपकरणच परत पाठवायला सांगितले. एवढे वजन खोक्यात भरून घाटावर पाठवणे आणि पुन्हा आणणे कोणालाही परवडण्याजोगे नाही. स्थानिक कॅमेरा-दुरुस्ती करणाऱ्या कारागिराने तो स्क्रू बसवून दिला. हमीपत्रात कारखान्याबाहेर उघडल्यास हमी संपते असे लिहिलेले असल्यामुळे, खरेदीपूर्वीच याविषयी लेखी खुलासा मागावा.

नव्या जातीचे नाव खरोखरच द्यायची वेळ आली, तर कामाचा शेवट सूक्ष्मदर्शकापाशी होत नाही, आणि हे ध्यानात ठेवूनच उपकरणाबरोबर बाकीचे साहित्य घ्यावे. प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेची चौथी आवृत्ती 1 जानेवारी 2000 पासून लागू आहे. तिच्यानुसार नव्या जातीसाठी नावाचा आधार ठरणारा नमुना स्पष्टपणे नेमावा लागतो, तो कोणत्या संग्रहात ठेवला हे सांगावे लागते, आणि ही जात इतरांपासून कशाने वेगळी आहे हे शब्दांत लिहावे लागते. आपल्या जैवविविधता कायदा 2002 च्या कलम 39 प्रमाणे नव्या जातीची माहिती नेमलेल्या भांडाराला कळवून नमुना तिथे सुपूर्द करणे बंधनकारक आहे. प्राण्यांच्या बाबतीत भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्था हे असे भांडार असून तिचे पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे. म्हणजे तुम्ही ज्या माशीचे पोट कापले तीच माशी, तिची कुपी, तिची चिठ्ठी आणि तिच्यावरचे प्रत्येक केस, पुढच्या अभ्यासकाला शंभर वर्षांनीही तपासता यावेत अशा अवस्थेत पोहोचले पाहिजेत. ओल्या हवेत टाचणीवरच्या माशीला बुरशी लागते आणि डांबराच्या गोळ्यांनी ती थांबत नाही. घट्ट बंद होणारी पेटी आणि सुके कपाट यांना पर्याय नाही.

पैशांची विभागणी मी अशी सुचवेन. महाविद्यालयाच्या विभागात चांगला संयुक्त सूक्ष्मदर्शक आधीच असेल, आणि बहुतेक ठिकाणी तो असतो, तर हे उपकरण निःसंकोच घ्यावे. त्याबरोबर 2 पटीचे भिंग, नेत्रिकेतली मोजपट्टी, प्रमाणपट्टी आणि बारीक टोकाचे दोन चिमटे घ्यावेत. 20 पटीच्या नेत्रिका आणि संचातला कॅमेरा वगळून मिळत असेल तर वगळावा. घरी एकट्याने काम करणाऱ्या अभ्यासकाकडे संयुक्त सूक्ष्मदर्शक नसेल, तर त्याने सारी रक्कम या एका उपकरणात घालू नये. कॅमेऱ्याची नळी नसलेले दोन डोळ्यांचे साधे प्रारूप याच उत्पादकाकडे बऱ्याच कमी किमतीत मिळते, भिंगे तीच आहेत, आणि वाचलेल्या रकमेत जुना पण निर्दोष संयुक्त सूक्ष्मदर्शक येऊ शकतो. मागणी नोंदवताना दिव्याच्या कड्याऐवजी वाकणाऱ्या मानेचे दोन दिवे देता येतील का, हे विचारावे. उत्पादक ते देतो, पण यादीत छापत नाही.